नामपल्ली : शिक्षणाची यंत्रे आणि त्यांमागचे हात

हैदराबादच्या ज्या वस्त्या बाहेरच्या मराठी माणसाला नावाने ठाऊक आहेत, त्यांत नामपल्लीचा परिचय बहुधा रेल्वेच्या तिकिटापुरता असतो. १९०७ साली उभे राहिलेले स्थानक, जवळच युसुफैन दर्गा, पलीकडे निजामी अमदानीतील बाग-ए-आम आणि तिच्या एका अंगाला पूर्वी टाउन हॉल असलेली विधिमंडळाची शुभ्र इमारत, एवढे पाहून प्रवासी पुढे चारमिनारकडे निघून जातो. कुत्बशाही दरबारातील नेकनाम खानाच्या नावावरून या वस्तीस हे नाव पडले असे परंपरेने सांगतात. परंतु गेल्या शंभर वर्षांत या वस्तीने आणि तिच्या आसपासच्या मैल-दीड मैलाच्या टापूने जो इतिहास घडविला, तो सरदारांचा नसून शिक्षणाच्या दप्तरांचा आहे. बशीरबागेच्या बाजूस उस्मानिया विद्यापीठाचे पहिले वर्ग भरले. स्टेशनरोडवर हिंदी प्रचार सभा आली, बागेत तेलुगू विद्यापीठ आले, नुमाइशीच्या, म्हणजे प्रदर्शनाच्या, मैदानावर मुलींचे तंत्रनिकेतन व महाविद्यालय आले, आणि ज्याच्या एका निकालाने २०१९ च्या एप्रिलात सारे तेलंगण हादरले, त्या इंटरमीजिएट परीक्षा मंडळाचे विद्या भवनही येथेच आहे. कोणत्या भाषेत, कोणत्या लिपीत, कोणत्या यंत्राच्या द्वारे मुलांनी शिकावे आणि त्यांची परीक्षा व्हावी, याचे हुकूम या टापूतून सुटत आले आहेत. आणि ते हुकूम पाळणारी मुले पुष्कळदा दूरच्या परगण्यांतील, निराळ्या भाषेत वाढलेली अशी होती.

अलीकडे पाश्चात्त्य शिक्षणचिंतकांत एक विचार रूढ होत आहे, त्यास उत्तर-डिजिटल विचार असे म्हणता येईल. निकोलस नेग्रोपोंटी यांनी १९९८ सालीच डिजिटल क्रांती आटोपली असे लिहून ठेवले होते; त्यांचा आशय असा की, ही यंत्रे आता हवापाण्यासारखी सर्वत्र मिसळून गेल्यामुळे त्यांना एक निराळे जग म्हणून दाखविण्यात अर्थ उरला नाही. शिक्षणाच्या अभ्यासकांनी या सूत्राला पुढे राजकीय धार दिली. पडदा आणि कागद, यंत्र आणि हात, नवे आणि जुने ही एकमेकांत गुंतलेलीच असतात. म्हणून यंत्र चांगले की वाईट हा वाद बाजूस ठेवून ते कोणाच्या हुकमाने आले, त्याच्या पोटात कोणाची मेहनत दडली आहे आणि चूक झाली असता दाद कोणाकडे मागावयाची, हे विचारले पाहिजे, असे ते म्हणतात. हा विचार पश्चिमेकडून आला असला तरी त्याची सर्व प्रमेये आपल्या जवळच्या एका इतिहासात सिद्ध झालेली आहेत, आणि तो इतिहास मराठवाड्याच्या माणसाला परका नाही, असे मला मनापासून वाटते.

निजामी राज्यात फारसी जाऊन उर्दू ही कारभाराची भाषा झाली ती १८८४ च्या सुमारास. त्यानंतर तीन दशकांनी, १९१७ साली, गृहखात्याचे सचिव अकबर हैदरी यांनी निजाम मीर उस्मान अली खान यांच्यापुढे एक निवेदन ठेवले: परकी भाषेतून उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची सारी शक्ती पाठांतरात खर्च होते व विचारास काही उरत नाही, तरी देशी भाषेतून शिकविणारे विद्यापीठ काढावे. फर्मान निघाले, आणि १९१९ च्या ऑगस्टात निजाम कॉलेजच्या शेजारच्या साध्या इमारतींत २२५ विद्यार्थी व २५ अध्यापक यांच्यासह वर्ग सुरू झाले. इंग्रज अमलाच्या काळात पदार्थविज्ञान, इतिहास, कायदा आणि पुढे वैद्यकसुद्धा एका भारतीय भाषेतून शिकविण्याचा हा उपक्रम असामान्य धैर्याचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. रवींद्रनाथांनी हैदरींना पत्र लिहून त्याचे स्वागत केले. शिक्षणखात्याचे प्रमुख रॉस मसूद जपानला गेले, तेथील शिक्षणव्यवस्था त्यांनी जवळून पाहिली, आणि एका आशियाई राष्ट्राने आपल्या भाषेत विज्ञान कसे आणले त्याचा वृत्तान्त १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. या माणसांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मेकॉलेनंतर ऐंशी वर्षांनी आपल्या देशातील एका राजसत्तेने इंग्रजीची मक्तेदारी नाकारली, हा क्षण आपल्या साऱ्यांच्याच अभिमानाचा होता.

परंतु विद्यापीठाला पुस्तके पाहिजेत, आणि पुस्तके नव्हती. म्हणून विद्यापीठाच्याही आधी, १९१७ सालीच, दारुल-तर्जुमा, म्हणजे भाषांतराचा महकमा, स्थापन झाला व मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले नाझिम झाले. अब्दुल माजिद दर्याबादी, नज्म तबातबाई, 'उमराव जान अदा'चे कर्ते मिर्झा हादी रुसवा, पुढे तरुण जोश मलिहाबादी अशी उत्तरेकडील नामांकित मंडळी पगारावर येऊन बसली. गणित, रसायन, अर्थशास्त्र, ग्रीस-रोमचा इतिहास, शल्यचिकित्सा या विषयांची शेकडो पुस्तके या महकम्याने सिद्ध केली. परिभाषेसाठी समित्या बसल्या, आणि त्यांत मोठा वाद माजला. अरबी धातूंपासून शब्द घडवावेत असे एका पक्षाचे मत होते. तर वहीदुद्दीन सलीम यांच्यासारखे विद्वान, उर्दू ही मुळात आर्यकुळातील भाषा असल्यामुळे तिने आपल्या देशी प्रत्ययांनी व समासांनीच नवे शब्द बनवावेत, असे १९२१ च्या आपल्या ग्रंथात आग्रहाने प्रतिपादीत होते. सलीमांचा पक्ष सर्वस्वी विजयी झाला असता तर त्या पुस्तकांची भाषा लातूर-परभणीच्या विद्यार्थ्याला थोडी अधिक जवळची वाटली असती, असे मला राहून राहून वाटते. पण बहुतेक पारिभाषिक शब्द अरबीतूनच आले.

येथवरचा वृत्तान्त भाषेच्या इतिहासात पुष्कळांनी लिहिला आहे. यंत्राचा वृत्तान्त मात्र कमी सांगितला जातो, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. उर्दूची नस्तालिक लिपी ही ठशाला सहजी वश होणारी लिपी नाही. तिचे शब्द उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरत येतात, आणि एकच अक्षर शेजाऱ्याच्या संगतीप्रमाणे रूप पालटते. देवनागरीचे खिळे पाडण्याची विद्या मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागराने पराकोटीस नेली, तशी सोय नस्तालिकला नव्हती. तेव्हा उपाय एकच, शिळाछाप. पिवळसर खळ दिलेल्या कागदावर कातिब, म्हणजे लहिया, बोरूने, तेलकट शाईने, एकेक ओळ लिहीत असे. तो कागद ऊन केलेल्या गुळगुळीत दगडावर पालथा दाबला की लेखन उलटे होऊन दगडावर उतरे. मग दगड पाण्याने ओला करावयाचा; अक्षराच्या तेलकट रेषेवर पाणी ठरत नाही व कोऱ्या जागेवर ठरते, त्यामुळे शाईचा रूळ फिरविला असता शाई अक्षरालाच धरते. हव्या तेवढ्या प्रती निघाल्या की त्या दगडावर वाळू टाकून दुसरा दगड घासावयाचा, आणि आधीचे पान पुसून नव्या पानासाठी पाठ कोरी करावयाची. या पद्धतीत एक मोठा गुण होता. भूमितीची आकृती किंवा शरीरशास्त्राचे चित्र अक्षराच्या बरोबरीने त्याच दगडावर येई, निराळा ठोकळा करावा लागत नसे. आणि एक मोठा दोषही होता. एका पानावर एखादे सूत्र चुकले असल्याचे मागाहून लक्षात आले आणि दगड घासून झालेला असला, तर ते पान मुळापासून पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नसे.

या व्यवहारातील कातिबाकडे नीट पाहिले पाहिजे. विद्यापीठाच्या इतिहासात हैदरींचे नाव आहे, मौलवींचे आहे, भाषांतरकारांचे आहे; पण विद्यार्थ्याच्या हाती जे अक्षर पडत होते ते या माणसाच्या बोटांतून आलेले होते. तो शास्त्र जाणत नसे, ज्या समीकरणाची नक्कल करी त्याचा अर्थ त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि तरीही विद्यापीठाची सारी विद्या त्याच्या नजरेतून व मनगटातून वाहत जात होती. नस्तालिकचे ठसे पाडण्याचे प्रयोग हैदराबादेत झाले, मौलवी अब्दुल हकांसारख्यांनी ठशाचा पुरस्कारही केला. पण वाचकांच्या डोळ्यांना कातिबाच्या हाताचीच सवय होती आणि ठशाचे उर्दू त्यांना रुक्ष वाटे. हा प्रश्न सुटला तो १९८१ साली, अहमद मिर्झा जमील यांनी सुमारे २०,००० अक्षरजोडण्या हाताने रेखाटून संगणकाला पुरविल्या तेव्हा. म्हणजे संगणकातील नस्तालिक हेसुद्धा कातिबाच्या हाताचेच संचित आहे. आमच्या मोडीचा प्रवासही याच जातीचा. जमाबंदीच्या कागदांतून ती शतकानुशतके धावली, छापखान्याने व शाळाखात्याने तिला बाजूस सारले, आणि संगणकाच्या जागतिक लिपिसंचात तिला घर मिळाले ते २०१४ साली, जेव्हा ती अस्खलित वाचणारे फारसे उरले नव्हते.

आता या भव्य उपक्रमाच्या दुसऱ्या टोकाला कोण होते ते पाहू. १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणे निजाम राज्यात शेकडा ४८ माणसे तेलुगू बोलत, २६ मराठी, १२ कन्नड, आणि उर्दू बोलणारी सुमारे १० होती. साक्षरता शेकडा ५ च्या आसपास. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतून मनमाड-काचीगुडा मीटरगेजने जो मुलगा हैदराबादेस शिकावयास येई, त्याच्या घरी देवनागरीतील पोथी असे, वडिलांचे हिशेब मोडीत असत, वरच्या इयत्तांतील शास्त्र त्याला नस्तालिकमध्ये शिकावे लागे आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय रोमन लिपीत. चार लिप्यांची ही कसरत करून जे वर आले त्यांची बुद्धी खरोखर तावून सुलाखून निघाली. सेतुमाधवराव पगडींसारखा इतिहासकार फारसी-उर्दूच्या कागदांत सहज वावरू शकला त्याचे श्रेय काही अंशी या कसरतीला आहेच. परंतु जे वर आले नाहीत त्यांची गणती कोणी केली नाही. देशी भाषेतून शिकण्याचा जो सिद्धांत हैदरींनी इतक्या समर्थपणे मांडला होता, तोच सिद्धांत मराठी, तेलुगू व कन्नड मुलांच्या बाबतीत लागू करावयाचा झाल्यास उस्मानियाची पहिली वीटच हलली असती. मराठी हा भाषाविषय म्हणून विद्यापीठात होता, डॉ. ना. गो. नांदापूरकरांसारखे व्यासंगी प्राध्यापक तेथे होते, आणि त्यांच्या सहवासात त्यांचा भाचा नरहर कुरुंदकर शहराच्या सिटी कॉलेजात शिकत असताना घडला. पण गणित मराठीत नव्हते, वैद्यक मराठीत नव्हते. खासगी शाळा काढावयाची तर सरकारची आगाऊ मंजुरी घ्यावी लागे. १९०७ साली केशवराव कोरटकर व त्यांचे सहकारी यांनी विवेकवर्धिनी उभी केली आणि ती टिकविली, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर मोजली पाहिजे.

त्याच काळात मराठी मुलखात दोन निराळे प्रयोग चालले होते, आणि ते उस्मानियाच्या शेजारी ठेवून पाहिल्यावाचून या विषयाचे मर्म कळत नाही. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्याच्या माळावर महिलांचे विद्यापीठ काढले ते मातृभाषेच्या माध्यमाचे. त्यांच्यापाशी खजिना नव्हता, सनद नव्हती, गावोगाव हिंडून मिळविलेली वर्गणी होती, आणि ठाकरसींची मोठी देणगी १९२० साली मिळेपर्यंत सारा डोलारा त्या वर्गणीवर उभा होता. दुसरा प्रयोग डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा. त्यांनी मर्यादित भांडवलाची मंडळी स्थापन केली, भागीदार व ग्राहक जमविले, आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० नंतरच्या दशकात तडीस नेले. परिभाषेचे तेच प्रश्न त्यांच्यापुढेही होते. ते केतकर १९३१ साली हैदराबादेस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले, हा योग मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. पगारी विद्वानांच्या महकम्याने ज्या नगरीत एका भाषेला आधुनिक केले, तेथेच भाग विकून कोश काढणारा हा माणूस दुसऱ्या भाषेच्या वतीने उभा राहिला. सरकारी खजिन्याचे काम वेगाने झाले व विपुल झाले. वर्गणीचे काम हळू झाले. पण ज्यांची भाषा त्यांचाच पैसा असल्यामुळे ते राज्य पालटल्यावर रद्द झाले नाही.

दारुल-तर्जुम्याच्या नशिबी ते आले. १९३८ साली औरंगाबादच्या कॉलेजात व मग हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला, शेकडो मुले काढून टाकली गेली, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. पुढे पुण्यासही शिकून त्यांनी मराठी इतकी आत्मसात केली की हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली. १९४८ च्या सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली, निजामांचे शरणागतीचे भाषण त्यांच्याच नभोवाणीवरून प्रसृत झाले, आणि लौकरच उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. एका हुकमाने उभी राहिलेली विद्या दुसऱ्या हुकमाने निकामी झाली. आदल्या वर्षापर्यंत जे शिक्षक उष्णतेचे नियम उर्दूतून सांगत होते, त्यांनी तेच नियम इंग्रजीतून सांगण्याची तयारी करावयाची होती. मराठी विद्यार्थ्याचा यात काय लाभ झाला? माध्यम त्याचे पूर्वीही नव्हते, आताही झाले नाही. त्याच्या प्रांताला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादेस मिळाले, तेव्हा कोठे हा प्रश्न निदान त्याच्या अंगणात आला.

नभोवाणीचे निराळे प्रकरण लिहिण्यासारखे आहे. १९३५ साली ती सरकारी झाली. उर्दूच्या जोडीने तेलुगू, मराठी व कन्नड कार्यक्रमही तिच्यावरून होऊ लागले. ऐकण्याला लिपी लागत नाही, हे या यंत्राचे मोठे औदार्य.

नुमाइशीचा विषय मात्र नामपल्लीच्या हृदयातला आहे. उस्मानियाच्या पदवीधरांच्या संघाने राज्याची आर्थिक पाहणी करावी असे ठरविले, आणि त्या पाहणीसाठी निधी हवा म्हणून १९३८ साली बाग-ए-आममध्ये मुलकी मालाचे प्रदर्शन भरविले. ते इतके फळले की १९४६ साली ते आजच्या विस्तीर्ण मैदानावर नेण्यात आले. तेव्हापासून हिवाळ्यातील सुमारे दीड महिना येथे देशभरची दुकाने लागतात, आणि दुकानांच्या भाड्याचा व तिकिटांचा पैसा शाळा-महाविद्यालयांवर खर्च होतो. मैदानाच्या आवारातच कमला नेहरू महिला तंत्रनिकेतन आणि सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आहे. निजामाच्या विद्यापीठाचे विद्यार्थी, पण निजामाच्या खजिन्यावर न विसंबता त्यांनी शिक्षणाला स्वतंत्र मिळकत जोडून दिली. कर्व्यांच्या वर्गणीशी जवळचे नाते असलेली ही कल्पना आहे. ज्या मुलीने येथे विद्युत्‌यंत्रणेचे वा संगणकाचे शिक्षण घेतले, तिच्या शिक्षणाचा काही हिस्सा काश्मिरी शालींच्या व लखनवी कुडत्यांच्या दुकानांनी भरलेला असतो, आणि त्या यंत्रशाळेचे अस्तित्व कोणा एका सरकारच्या मर्जीवर टांगलेले नसते.

१९७५ च्या ऑगस्टात उपग्रहाने शिकविण्याचा प्रयोग आला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षाच्या कराराने भारतास मिळाला, आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सकाळी मुलांसाठी व सायंकाळी मोठ्यांसाठी चित्रवाणीचे पाठ उतरू लागले. हैदराबाद हे कार्यक्रमनिर्मितीचे एक केंद्र होते आणि खेड्यातील संच येथीलच इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तयार केले होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची दहा फुटी थाळी शाळेपुढे उभी असे आणि गाव तिच्याभोवती जमे. जुन्या निजाम इलाख्याचा तेलुगू भाग या छत्राखाली आला, गुलबर्गा-रायचूरचा कन्नड भाग आला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नसल्यामुळे मराठवाडा बाहेर राहिला. १९७६ च्या जुलैअखेर मुदत संपली आणि उपग्रह दुसरीकडे वळविण्यात आला. ज्यांच्या मालकीचे ते यंत्र होते त्यांच्या करारात जे होते ते घडले. शिकू लागलेल्या मुलांचे म्हणणे त्या करारात कोठेच नव्हते. त्यानंतर १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबादेस निघाले, जी. राम रेड्डी त्याचे पहिले कुलगुरू. आणि राम ताकवल्यांनी १९८९ साली नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची धुरा घेतली तेव्हा हा हैदराबादचा अनुभव त्यांच्या पुढ्यात होता.

आता विद्या भवनाकडे येतो, कारण हे सारे लिहिण्यास प्रवृत्त करणारी घटना तेथली आहे. १८ एप्रिल २०१९ रोजी तेलंगणच्या इंटरमीजिएट मंडळाने निकाल लावला. परीक्षेस नऊ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. तीन लाखांहून अधिक नापास झाले. निकालाच्या संगणकीय प्रक्रियेचे काम त्या वर्षी एका नव्या खासगी कंपनीकडे सोपविलेले होते. आधीच्या वर्षी उत्तम गुण मिळविलेली मुले आता नापास दिसू लागली, हजर असलेल्यांची नोंद गैरहजर अशी आली, आणि एका विद्यार्थिनीला तेलुगूत शून्य गुण दाखविले गेले, जिचे प्रत्यक्ष गुण ९९ होते. आईबाप नामपल्लीस धावत आले. मंडळाच्या फाटकापुढे दिवसचे दिवस निदर्शने चालली. त्या काही दिवसांत वीसहून अधिक मुलांनी आपले जीवन संपविले. त्यांतील प्रत्येकाच्या गुणपत्रिकेत चूक होती असे नाही, आणि तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु आपल्या कागदाचे खरे काय झाले हे विचारावयाचे तर कोणाला, हे त्यांतील एकालाही सांगता आले नसते, एवढे खात्रीने म्हणता येते.

शासनाने त्रिसदस्य समिती नेमली. तिच्या चौकशीत जे पुढे आले ते या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ९९ चे शून्य यंत्राने केलेले नव्हते. तपासनीस उत्तरपत्रिका तपासतो, बेरीज करतो, आणि तो आकडा संगणकाने वाचावयाच्या तक्त्यावरील छोटी वर्तुळे शाईने भरून नोंदवितो. दुसरा एक जण त्याची पडताळणी करतो. मग तो तक्ता यंत्राकडे जातो. त्या विद्यार्थिनीच्या तक्त्यावर दोन नवांऐवजी दोन शून्यांची वर्तुळे भरली गेली होती आणि पडताळणाऱ्याच्या नजरेतून ती सुटली. तपासनिसाला दंड झाला, पडताळणाराही कारवाईतून सुटला नाही. प्रक्रियेतील संगणकीय दोष समितीने दाखविले, ते निराळे. म्हणजे आपण ज्याला संगणकाचा निकाल म्हणतो, त्याच्या उगमाशी भर उन्हाळ्यात, तपासणीकेंद्राच्या दालनात, एकामागून एक गठ्ठे उपसणारा आणि वर्तुळे भरून बोटे आखडलेला एक शिक्षक असतो. दगडावरच्या कातिबाचा हा वंशज आहे. फरक इतकाच, आणि तो प्राणांतिक फरक आहे, की कातिबाची चूक विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे छापील पानावर असे, गुरुजी ती खडूने फळ्यावर दुरुस्त करून देऊ शकत. या शिक्षकाची चूक कोणासही दिसत नाही, ती सरळ शिक्क्याचा निवाडा होऊन घरी पोहोचते.

पुढे शासनाने नापास झालेल्या साऱ्यांच्या उत्तरपत्रिकांची फेरपडताळणी विनामूल्य करविली. ती माणसांनी, हाताने, कागद पुन्हा उघडून केली. मे महिन्याच्या अखेरीस तिचा निकाल लागला आणि १,१३७ विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. तीन लाखांत हा आकडा लहान आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. मला तो लहान वाटत नाही. दरवर्षी अशी फेरपडताळणी झालेली नसते; तेव्हा मागील वर्षांत असे किती राहून गेले असतील, हा विचार तो आकडा पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या मनात आला पाहिजे. आणि ही दाद मिळाली ती यंत्र सुधारल्याने मिळाली नाही. आईबाप रस्त्यावर आले, न्यायालयात गेले, म्हणून मिळाली.

त्यानंतर वर्षाच्या आत महामारी आली. १ सप्टेंबर २०२० पासून तेलंगणात दूरदर्शन यादगिरी आणि टी-सॅट या वाहिन्यांवरून शाळेचे पाठ सुरू झाले. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या जाळीच्या थाळीचे काम आता घरोघरच्या पडद्याने करावयाचे होते. पदवीचे प्रवेश तर २०१६ पासून संगणकावरील एकाच व्यवस्थेतून होतात, आणि त्यासाठी विद्यार्थ्याचा दूरध्वनी त्याच्या आधार क्रमांकाशी जोडलेला असावा अशी अट आली. महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहून कारकुनाशी हुज्जत घालण्याची जागा या व्यवस्थेत उरलेली नाही. ती हुज्जत अपमानास्पद होती हे खरे, वशिल्याला त्या खिडकीतून वाट होती हेही खरे. तरी पण नाही म्हणणाऱ्याचे तोंड विद्यार्थ्याला दिसत होते.

या साऱ्यात मराठीचे काय, असे वाचक विचारील. तेलंगणच्या सीमेवरील आदिलाबाद जिल्ह्यात आजही मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. दहावीनंतर त्यांतील मुलांना नामपल्लीच्या मंडळाची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या मंडळाच्या द्वितीय भाषांच्या यादीत तेलुगू, हिंदी, उर्दू, संस्कृत यांच्यासोबत मराठीही आहे. म्हणजे पैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर देवनागरीत लिहिलेली एक उत्तरपत्रिका दर उन्हाळ्यात याच व्यवस्थेतून जाते. असे विद्यार्थी थोडे, तपासनीसही थोडे. ज्या भाषेचे गठ्ठे लाखांनी येतात तिच्यातील चूक गवगवा होऊन उघडकीस येऊ शकते. ज्या भाषेचा गठ्ठा एकच असतो तिच्यासाठी कोण फाटकापुढे उभे राहणार? हैदराबादेतील मराठी संस्थांनी, विवेकवर्धिनीच्या परंपरेतील माणसांनी, दरवर्षी निकालानंतर या मुलांच्या वतीने मंडळाकडे एक साधा अर्ज करावा असे मला वाटते: मराठीच्या साऱ्या उत्तरपत्रिकांतील बेरजा आणि वर्तुळे दुसऱ्या एका मराठी जाणणाऱ्या शिक्षकाने पुन्हा ताडून पाहावीत, आणि ज्या मुलाला आपली उत्तरपत्रिका पाहावयाची असेल त्याला ती शुल्क न घेता दाखवावी. गठ्ठा लहान आहे. दोन-तीन शिक्षकांनी मनावर घेतल्यास काम थोडक्या दिवसांत उरकेल.